सांडव्यावरचा माणूस

सांडव्यावरून पाणी कोसळतंय आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून नाना ओरडतायत, "ए पोरांनो, मागं सरका! त्या दगडावर शेवाळ हाय!"

पोरं चौघं आहेत, विशीच्या आतली. एकाच्या हातात मोबाईल. दुसरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अगदी पाण्याच्या कडेला उभा. तो वळून बघतो, हसतो. "काका, पोहता येतं आम्हाला."

"पोहता येणारेच जातात," नाना म्हणतात आणि काठी टेकत चार पावलं खाली उतरतात. पोरगा नाइलाजानं मागं होतो. तेवढं झाल्यावरच नाना वर येतात आणि आपल्या ठरलेल्या दगडावर बसतात.

पाली हे बिंदुसरेच्या धरणाचं गाव. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की मांजरसुंब्याचा घाट चढायच्या आधी लागतं. दसरा होऊन गेलाय, परतीच्या पावसानं धरण पुन्हा काठोकाठ भरलंय आणि रविवार असल्यानं बीडहून आलेल्या मोटारसायकली नि चारचाक्या ओळीनं लागल्यात. कणसं भाजल्याचा धूर पाण्याच्या तुषारांत मिसळतोय. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला आता चार वर्षं झाली, पण धरण भरलं की त्यांना घरात करमत नाही. २३ जुलै १९८९ ला याच बिंदुसरेला पूर आला, बीडमधल्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं गेली. नाना तेव्हा नोकरीत नवीन होते. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलत नाहीत. सांडव्यावर येऊन बसतात.

मी त्यांना घरी न्यायला आलेय. उद्या दुपारी नाना आणि काकू मुंबईला निघणार, तिथून दुबईला विमान बदलून कैरोला. आठ दिवसांची सहल आहे, त्यातले पहिले तीन दिवस कैरोचे. मी कैरोत दोन वर्षं नोकरी केलीय, म्हणून त्यांची तयारी करून घ्यायला पुण्याहून मुद्दाम आलेय.

"नाना, चला. बॅगा भरायच्यात अजून. आणि तिथं कसं राहायचं ते मला नीट सांगायचंय."

"सांगशील गं. मी काय लहान आहे का?"

मी खाली त्या पोराकडं बघते. दोघांचं उत्तर एकच आहे. पण आत्ता काही बोलत नाही.

ओसरीवर दोन बॅगा आ वासून पडल्यात. काकूनं एका स्टीलच्या डब्यात अनारसे भरलेत, वरून पातळ फडक्यानं बांधलेत. दिवाळी तोंडावर आलीय आणि परक्या मुलखात नवऱ्याच्या तोंडात गोड पडावं म्हणून दोन दिवस खपून तिनं ते केलेत. मी फडकं सोडते. प्रत्येक अनारशाला एका बाजूनं खसखस लागलेली, तळून छान तांबूस झालेली.

"काकू, हे नाही नेता येणार."

"का? तूप घरचं आहे."

"खसखशीमुळं. दुबईला विमान बदलायचंय ना? तिथं खसखस अमली पदार्थांत धरतात. डब्यात नाही, बॅगेच्या तळाशी चिकटलेले चार दाणेसुद्धा नकोत."

काकू माझ्याकडं बघत राहते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, हे तिला माहीत आहे. पण अनारशाची खसखस आणि तुरुंग हे दोन शब्द तिनं आयुष्यात एकत्र आणलेले नाहीत. मग ती डबा उचलते आणि आत जाते. परत येते ती शेंगदाण्याचे लाडू आणि दशम्या घेऊन. बॅग मी उलटी करून झटकते, ओल्या फडक्यानं आतून पुसते.

आता औषधांची पिशवी. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, पोटाच्या, आणि नानांच्या गुडघ्याच्या. मी एकेक पाकीट उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचते. गुडघ्याच्या गोळीवर दोन नावं आहेत: पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल. मी ते पाकीट बाजूला काढते.

"ती राहू दे," नाना म्हणतात, "तीच लागू पडते मला."

"नाना, इजिप्तमध्ये ट्रामाडॉल नशेसाठी फार वापरलं जातं, म्हणून त्यावर कडक बंदी आहे. २०१७ साली एक ब्रिटिश बाई सुट्टीवर जाताना या गोळ्या घेऊन गेली. जोडीदाराची पाठ दुखते म्हणून आणल्या, असं सांगत होती. जवळपास तीनशे गोळ्या होत्या. तीन वर्षांची शिक्षा झाली तिला."

नाना काही बोलत नाहीत. मी बीडच्या डॉक्टरांना फोन लावते. ते दुसरी गोळी सुचवतात आणि बाकीच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून द्यायचं कबूल करतात. गोळ्या डब्यात सुट्या भरायच्या नाहीत, मूळ पाकिटातच ठेवायच्या; चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. विम्याचा कागदही त्याच पिशवीत.

परक्या देशात पहिला धोका चोराचा असतो असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव असा, की पहिला धोका आपल्याच पिशवीत असतो, आणि तो घरच्या ओसरीवर बसून काढून टाकता येतो.

शेजारची वहिनी सीताफळं घेऊन येते. बालाघाटाच्या डोंगरातली, डोळे उघडायला लागलेली. तिच्याही दारात बोचकी बांधलेली आहेत. पुढच्या आठवड्यात तिची टोळी ऊसतोडीला निघणार, यंदा कर्नाटकात. कोयते पिंपाला टेकवून ठेवलेत ते इथून दिसतात. उंबऱ्याशी टेकून ती आमची बांधाबांध बघते. मी नानांच्या कमरेला बांधायची पैशाची पट्टी दाखवतेय.

"समदे त्यातच ठिवणार का?" ती विचारते.

"नाही, थोडे वर."

"थोडे वर, थोडे कमरेला, थोडे बाईच्या पदराला. एका जागी ठिवलं की एकदाच जातंय." मग ती बोटं मोजत सांगते, कुणी न विचारता. "आमी नव्या गावाला उतरलो की आधी तिथल्या बायांना इचारतो. पाणी कुठलं प्यायचं, दवाखाना कुठं, रातचं कुठल्या अंगानं जायाचं न्हाई. लेकराच्या दंडावर पेनानं फोन नंबर लिहिते मी, मुकादमाचा न्हाई, माझ्या भावाचा. आन् कुनी वंगाळ वागाया लागलं तर भाषा येत न्हाई म्हणून गप बसायचं न्हाई. आपल्याच भाषेत मोठ्यानं वरडायचं. वरडण्याचा अर्थ समद्यांना कळतोय."

मी वहीत लिहून घेते. कैरोत हे शिकायला मला सहा महिने लागले होते. ही बाई दरसाल सहा महिने परमुलखात फडावरच्या कोपीत राहते, लेकरं सांभाळते आणि सगळ्यांना घेऊन परत येते. सुरक्षित राहण्याबद्दल तिच्याइतकं कळणारं या ओसरीवर दुसरं कुणी नाही, मी धरून.

तिच्याच सल्ल्यानं आम्ही तीन चिठ्ठ्या करतो. एक नानांच्या खिशात, एक काकूच्या पर्समध्ये, एक बॅगेत. त्यावर हॉटेलचं नाव अरबीतही उतरवलंय, म्हणजे टॅक्सीवाल्याला दाखवता येईल. खाली नंबर: पोलीस १२२, रुग्णवाहिका १२३, पर्यटक पोलीस १२६. त्याखाली भारतीय दूतावासाचा फोन; तो नाईलमधल्या बेटावर, झमालेक भागात आहे. मोबाईलमध्ये हे सगळं आहेच, पण मोबाईल हरवला तर त्याच्याबरोबर सगळंच हरवतं. पासपोर्टची प्रत अंगावर, मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होती. तिच्यासाठी मी पाटी-पेन्सिल काढलीय.

"टॅक्सीच्या पाटीवर इंग्रजी आकडे नसतात, काकू. ॲपवरून गाडी बोलावली तर तिचा नंबर जुळतोय का, हे तुला वाचता आलं पाहिजे. दुसऱ्याच गाडीत बसायचं नाही."

मी दहा आकडे काढते. काकू चष्मा सारखा करून पुढं वाकते. एक म्हणजे उभी रेघ. तिला वर एक दात फुटला की दोन, दोन दात फुटले की तीन. चार म्हणजे इंग्रजी तीन आरशात पाहिल्यासारखा, सहा म्हणजे जवळजवळ इंग्रजी सातासारखाच. सात म्हणजे उघडी चिमटी, आठ म्हणजे तीच चिमटी उलटी, घराच्या छपरासारखी. नऊ इंग्रजीच्या नऊसारखाच.

"आणि हे शून्य," काकू गोल आकड्यावर बोट ठेवते.

"नाही. तो पाच. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका."

काकू पेन्सिल माझ्या हातातून घेते. "म्हणजे पन्नास लिहिलं तर गोल आणि ठिपका. मी ते शून्यच समजले असते." ती पाटी पुसते, पुन्हा लिहिते. मग विचारते, "या आकड्यांना ते काय म्हणतात?"

"अरकाम हिंदिया. हिंदी आकडे. आपल्याकडून गेले म्हणून."

काकूच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं आहे. मुलांना दशमान पद्धत शिकवताना तिनं शून्य कुठून कुठं गेलं ते शेकडो वेळा सांगितलं असेल. आता ते शून्य ठिपका होऊन तिच्या पाटीवर परत आलंय. ती मान खाली घालून गाडीचे नंबर लिहू लागते, मी म्हणेन ते. दहापैकी नऊ बरोबर येतात. एक चुकतो तो पाचाचाच. तो ती पाच वेळा लिहून काढते.

नोटांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. इजिप्तचं चलन म्हणजे गिनेह. शंभर पियास्त्रांचा एक गिनेह. पन्नास गिनेहची नोट असते, तशीच पन्नास पियास्त्रांचीही, म्हणजे अर्ध्या गिनेहची. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका टॅक्सीवाल्याला पन्नास गिनेह दिले. त्यानं मान वळवली, परत वळवली आणि हातातली नोट मला दाखवली: पन्नास पियास्त्र. मीच चुकून दिली असेन असं समजून मी दुसरी नोट काढून दिली. घरी जाऊन पैसे मोजले तेव्हा कळलं, की तसली छोटी नोट माझ्याकडं नव्हतीच. म्हणून नोट हातात देण्याआधी तिचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, खमसीन, पन्नास, आणि समोरच्यानंही ऐकला ना ते बघायचं. सुटे पैसे वेगळ्या खिशात. भरलेलं पाकीट रस्त्यात उघडायचं नाही.

"आता तुम्ही, नाना. मी दुकानदार. तुम्ही तहरीर चौकातून संग्रहालयाकडं चाललाय."

नाना उठून उभे राहतात. सदरा नीट करतात. मी ओसरीच्या खांबामागून पुढं येते. "नमस्ते! इंडिया? अमिताभ बच्चन!" तिथं हे खरंच म्हणतात, आणि पुष्कळदा मनापासून. हिंदी सिनेमावर त्या शहराचा जीव आहे.

नाना खूश होतात, हात पुढं करतात. मी हात धरून ठेवते. "संग्रहालय आत्ता बंद आहे, साहेब. नमाजची वेळ. तासाभरानं उघडेल. तोवर माझ्या भावाचं दुकान बघा, पपायरसचं, फक्त चहा प्या."

"बरं, चला," नाना म्हणतात.

"अडकलात."

"अगं, चहा पी म्हणतोय माणूस. नाही कसं म्हणायचं?"

इथं अडतं. पालीत दारात आलेल्याला चहा नाही म्हणणं म्हणजे अपमान, आणि नानांच्या पिढीला ते जमत नाही. मी त्यांना शेजारी बसवून सांगते. संग्रहालय उघडं आहे की नाही, हे दारावर जाऊनच बघायचं, रस्त्यावरच्या माणसाकडून ऐकायचं नाही. पपायरस म्हणून केळीच्या पानाचा कागदही विकतात. पिरॅमिडजवळ कुणी हातात दगडी भुंगा ठेवेल, 'हदिया', भेट आहे म्हणेल. घेतला की पैसे मागेल. उंटावर चढायचे पैसे एक आणि उतरायचे दुसरे, असं होतं. म्हणून चढायच्या आधी किती वेळ, किती पैसे, दोघांचे मिळून की एकेकाचे, उतरण्यासकट, हे सगळं बोलून घ्यायचं. गिझाच्या पठारावर आता फय्यूम रोडकडून नवं प्रवेशद्वार झालंय, आत विजेच्या बस फिरतात. त्या बसनं गेलं तर यातलं बरंचसं टळतं. जवळच नवं मोठं संग्रहालय आहे, १ नोव्हेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. तूतनखामेनच्या थडग्यातल्या जवळजवळ साऱ्या वस्तू तिथं एकत्र आहेत. तिथं अख्खा दिवस द्या, कुणी मध्ये अडवणार नाही.

"आणि ही माणसं वाईट नाहीत, नाना. पोट त्यावर आहे त्यांचं. नाही म्हटलं की सोडतात. फक्त आपलं नाही एकाच आवाजात आलं पाहिजे. ला, शुक्रन. नको, आभारी आहे. चालत राहायचं, थांबायचं नाही."

"ला, शुक्रन," नाना म्हणतात. पहिल्यांदा विनवणीच्या सुरात, दुसऱ्यांदा सांडव्यावरच्या. दुसरा बरोबर आहे.

भाषेचं नानांना सोपं जातंय. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता आणि तो काळ अजून आमच्या बोलण्यात आहे. दुकान तिथंही दुकान. किताब तिथंही किताब. साबण साबून, खुर्ची कुर्सी. जेवण झाल्यावर हिसाब मागायचा. नको असेल, पुरे झालं असेल तर खलास. आणि बक्षीस म्हणजे बक्शीश. दार उघडणाऱ्याला, बॅग उचलणाऱ्याला थोडे सुटे द्यायचे. ते भीक नाही आणि फसवणूकही नाही, तिथल्या कष्टाचा तो रिवाज आहे. न मागता कुणी वाट दाखवायला पुढं पुढं चालू लागला तर मात्र तिथंच खलास म्हणायचं.

नाना चष्मा काढून पुसतात. "एक विचारू? स्फोट वगैरे?"

मी लपवत नाही. १७ नोव्हेंबर १९९७ ला लुक्सरजवळ राणी हत्शेपसुतच्या मंदिरात अतिरेक्यांनी गोळीबार केला, ६२ माणसं मारली, त्यातले बहुतेक परदेशी पर्यटक. तेव्हापासून तो देश पर्यटकांची राखण फार मनावर घेतो. हॉटेलच्या दारात, संग्रहालयात, मेट्रोत बॅगा यंत्रातून जातात. सहलीच्या बसला नाक्यावर थांबवतात. कंटाळायचं नाही, चिडायचं नाही. आणि शिपाई, सैनिक, चौकी, सरकारी इमारत यांचा फोटो काढायचा नाही. मी त्या शहरात रात्री अकरा वाजता चहा पिऊन चालत घरी आलेय. रस्ते जागे असतात, बायका-पोरं बाहेर असतात. आपल्याला घाबरवायला ते शहर बसलेलं नाही.

काकूला मी आत नेते. बायकांचं बायकांत.

"गर्दीत कुणी धक्का मारला, मागं लागला, तर?"

"वहिनी म्हणाली तेच. मोठ्यानं बोलायचं. तिथल्या बायका एक शब्द वापरतात: ऐब. ऐब अलेक. लाज वाटू दे म्हणतात तसं."

"ऐब? आपल्यातला ऐब?"

"तोच. बाजारात बाईनं तो शब्द उच्चारला की चार माणसं वळून बघतात, एखादा म्हातारा उठून पुढं येतो. छेडछाड हा तिथं २०१४ पासून कायद्यानं स्वतंत्र गुन्हा आहे, पण तुला आधी उपयोगी पडेल तो हा शब्द."

काकू पुटपुटते, मग जोरात म्हणून बघते. स्वयंपाकघरातली भांडी वाजल्यासारखा आवाज येतो. मी सांगत राहते. मेट्रोत मधले दोन डबे बायकांचे, त्यातच चढायचं. तिकीट फेकायचं नाही, बाहेर पडतानाही लागतं. अल-अझहर मशीद बघायला जाल तेव्हा डोक्यावरून ओढणी. पाणी बाटलीचं, तेही सील न फुटलेलं. कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर नको. समोर गरम वाढतात ते खायचं. माळकरी माणसांची तिथं उपासमार होत नाही. कोशरी म्हणून भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि वर तळलेला कांदा असा पदार्थ मिळतो, आपल्या खिचडीचाच लांबचा नातेवाईक.

दिवस कलतो. गुरं घरी यायची वेळ. मी दोघांना रस्त्यावर आणते, कारण एक गोष्ट ओसरीवर शिकवता येत नाही.

कैरोत रस्ता ओलांडणं ही सगळ्यांत अवघड गोष्ट. गाड्या थांबत नाहीत, नुसत्या वळून जातात. तहरीर चौकात सादात मेट्रो स्थानकाचे भुयारी रस्ते आहेत, ते असतील तिथं तेच वापरायचे. नसतील तिथं, एखादी लेकुरवाळी किंवा म्हातारी ओलांडत असेल तर तिच्या सोबतीनं, गाड्या येतात त्याच्या दुसऱ्या अंगाला राहून चालायचं. तिची चाल तीच आपली चाल.

वरच्या आळीकडून म्हशी येतायत, मध्ये दोन गायी, मागं शेरडं. धूळ, घुंगरं, शेणाचा आणि ओल्या अंगाचा वास. काकू पदर खोचते आणि सरळ निघते. पळत नाही, थबकत नाही, मागं फिरत नाही. पहिली म्हैस तिला बघून किंचित बाजूला होते, दुसरी तिच्या मागून जाते. पलीकडं पोचून ती वळून बघते.

"असंच," मी म्हणते. "अगदी असंच. मध्येच थांबलीस किंवा मागं फिरलीस तर समोरच्याचा अंदाज चुकतो."

जेवणं होतात. नाना ओसरीवर बसलेत. त्यांचं मन अजून पुरतं वळलेलं नाही, हे मला दिसतंय. काकूनं पाटीवर आकडे गिरवले; नानांनी ऐकून घेतलं, पण घेतलं नाही. म्हणून जे आजवर घरी कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी सांगते.

"कैरोत पाऊस फार क्वचित पडतो, नाना. पाणी वाहून जायला नीट गटारं नाहीत. एका हिवाळ्यात तासभर जोराचा पाऊस झाला आणि आमच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी साठलं. मला बाहेर जायचं होतं. आमच्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे दारावरचा राखणदार, दक्षिणेकडच्या खेड्यातून आलेला म्हातारा, दारात बाकड्यावर बसला होता. त्यानं हात आडवा केला. ला, ला. मी हसले. म्हटलं, आमच्याकडं धरण आहे, मला पाण्याचं काय सांगतोस? आणि पाय उचलला. तो उठला, माझी बाही धरली आणि ओरडला, कहरबा! कहरबा! मला तो शब्द माहीत नव्हता. त्यानं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडं बोट केलं. खांबाच्या बुडाशी झाकण नव्हतं, तारा पाण्यात होत्या. कहरबा म्हणजे वीज. पावसात अशा खांबांना चिकटून तिथं माणसं मेलीत."

नाना बराच वेळ गप्प राहतात. धरणाचा आवाज रात्री इथवर येतो.

"तू त्याचं आधी ऐकलं नाहीस," ते म्हणतात.

"नाही ऐकलं. मला वाटलं, मला पोहता येतं."

नाना माझ्याकडं बघतात. सकाळचा पोरगा त्यांच्याही डोळ्यांसमोर आलाय, हे मला कळतं. मग ते विचारतात, "म्हणजे तिथंही कुणीतरी सांडव्यावर बसलेला असतो."

"प्रत्येक गल्लीत असतो. इमारतीचा बव्वाब असतो, कोशरीच्या दुकानातली गल्ल्यावरची बाई असते, मेट्रोतली एखादी आजी असते. दुकानात ओढणारा बोलत सुटतो, हा मागं लागत नाही. हा आपल्या जागेवर बसलेला असतो आणि नको तिथं पाय पडला की हात आडवा करतो. त्याला आपल्याकडून काही नको असतं. त्यावरून ओळखायचा."

"त्याला काय म्हणायचं? ऐकलं, असं?"

"हादिर."

"हाजीर?"

"तोच शब्द. आपलं हजर. तिथं 'बरं, तुम्ही म्हणाल तसं' या अर्थानं म्हणतात."

नानांनी छत्तीस वर्षं हजेरीपटावर हजर लिहिलंय. ते मान हलवतात आणि झोपायला उठतात. जाताना गुडघ्याच्या गोळ्यांचं बाजूला काढलेलं पाकीट स्वतःच्या हातानं कपाटात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप दारात येते. वहिनी काकूच्या हातात हळदी-कुंकवाची पुडी देते. काकू तिच्या लेकराच्या दंडाला हात लावते, जिथं पुढच्या आठवड्यात नंबर लिहिला जाणार आहे, आणि म्हणते, "तूही जपून जा गं." दोघी निघाल्यात परमुलखाला, एक आठ दिवसांसाठी, एक सहा महिन्यांसाठी.

गाडी महामार्गाला लागायच्या आधी नाना थांबवायला सांगतात. उतरून धरणाकडं चालू लागतात. मीही मागं जाते. सोमवार असला तरी दहा-बारा माणसं आहेत. सांडव्यावर पाणी कालच्याइतकंच. कणसं भाजणारा तरुण पंख्यानं निखारे फुलवतोय. नाना काठी त्याच्या हातात देतात.

"उजवीकडचा तो सपाट दगड दिसतो ना? बसायला चांगला वाटतो, पण खालून पोकळ आहे. तिथं कुणाला जाऊ द्यायचं नाही. एकदा सांगून ऐकत नाहीत. दोनदा सांग. तरी नाही ऐकलं तर बाही धर."

"व्हय, नाना."

परत येऊन ते खिडकीशी बसतात. खिशावर हात ठेवून चिठ्ठी आहे का बघतात, कमरेची पट्टी चाचपतात. काकू समोरून येणाऱ्या ट्रकांचे नंबर वाचून मांडीवर बोटानं अरबी आकडे गिरवतेय; पाच आला की गोल. जीप बीडच्या दिशेनं वेग घेते. धरणाची भिंत मागं सरकत जाते. नाना ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघतात, आणि मग समोर बघत, सवय व्हावी म्हणून, हळूच म्हणतात,

"हादिर."